मुक्ताची चुकलेली इंजेक्शनं: ग्रोथ हॉर्मोन रोज द्यावं की आठवड्यातून एकदा?

मुक्ता आठ वर्षं दोन महिन्यांची होती तेव्हा तिच्या बाबांना कंपनीने तीन वर्षांसाठी इंग्लंडमधल्या रेडिंगला पाठवायचं ठरवलं. घर, शाळा, थंडीचे कपडे ही यादी कुणाचीही असते. यांच्या यादीत आणखी एक ओळ होती. गेली दोन वर्षं मुक्ताला रोज रात्री ग्रोथ हॉर्मोनचं, म्हणजे उंची वाढवणाऱ्या हॉर्मोनचं, इंजेक्शन चालू होतं. तिकडे आठवड्यातून एकदाच घ्यायचं इंजेक्शन मिळतं, हे बाबांनी वाचलं होतं. पुण्यातल्या शेवटच्या भेटीत त्यांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, "मॅडम, तिथे गेल्या गेल्या आठवड्याचंच सुरू करून टाकू का?"

या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणायला दोन मिनिटं पुरली असती. प्रत्यक्षात त्यात बरंच काही उकरावं लागलं. (कुटुंब प्रातिनिधिक आहे. अशा घरांत जे पुन्हापुन्हा दिसतं ते एकत्र करून हे प्रकरण रचलं आहे. मुक्ताची मापं तिच्यापुरती आहेत. औषधांचे आणि चाचण्यांचे आकडे मात्र खरे आहेत.)

आधीची फाइल

मुक्ताला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. उंची ९९.५ सेंटिमीटर, वजन साडेचौदा किलो. दीड वर्षाने लहान मावसभाऊ तिच्या पुढे गेला तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली होती. आजीचं म्हणणं होतं की आईसुद्धा बुटकीच आहे, आणि मुलगी आहे, काय बिघडतं? हे वाक्य वाढीच्या ओपीडीत काम करणाऱ्या कुणालाही पाठ असतं. मुलगा बुटका राहिला की घर धावत येतं. मुलीला बरेचदा दोन-तीन वर्षं उशिरा आणतात, तेही 'लग्नाच्या वेळी अडचण नको' म्हणून.

सुदैवाने आईने बालवाडीपासूनची उंची एका वहीत लिहून ठेवली होती. वर्षभरात वाढ होती साडेतीन सेंटिमीटर. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत निरोगी मूल साधारण वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. एका दिवसाच्या उंचीपेक्षा ही वाढीची गती जास्त बोलते. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सच्या २०१५ च्या तक्त्यावर (यामागे पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या गटाचं मोठं काम आहे) मुक्ताचा ठिपका सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली पडत होता. आई १५२, बाबा १६६. आईबाबांवरून मुलीची मोठेपणीची अपेक्षित उंची काढायला दोघांच्या बेरजेतून १३ वजा करून निम्मं करायचं: १५२.५. म्हणजे 'आईसारखी' होण्याच्या वाटेवरही मुक्ता नव्हती.

मग नेहमीचा क्रम. रक्त, किडनी, थायरॉइड, गव्हाच्या अ‍ॅलर्जीसारखा दिसणारा सीलिअ‍ॅक आजार, आणि मुलगी असल्याने टर्नर सिंड्रोम (एक एक्स गुणसूत्र नसण्याचा किंवा अपुरं असण्याचा मुलींमधला विकार) वगळण्यासाठी गुणसूत्रांची चाचणी. हे सगळं निर्दोष आलं. हाताच्या एक्स-रेवर हाडांचं वय चार वर्षं. आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोनच्या प्रभावाने शरीरात तयार होणारा, त्याचं काम किती चाललंय हे रक्तात दाखवणारा घटक) कमी. त्यानंतर दोन वेगवेगळ्या दिवशी क्लोनिडिन आणि ग्लुकॅगॉन ही ग्रोथ हॉर्मोनला चालना देणारी औषधं देऊन हॉर्मोन किती वर जातं ते पाहिलं. सर्वात वरचे आकडे ३.१ आणि ४.४ नॅनोग्रॅम. सीमारेषा कुठे १० धरतात, कुठे सातच्या आसपास. मुक्ता दोन्हींच्या बरीच खाली होती. एमआरआयमध्ये पिट्युटरी ग्रंथीचा (मेंदूच्या तळाशी असलेली, ग्रोथ हॉर्मोन बनवणारी ग्रंथी) पुढचा भाग लहान आणि मागच्या भागाचा चकाकणारा ठिपका जागेवरून वर सरकलेला. शंकेला जागा उरली नाही.

हा मुद्दा मी मुद्दाम लांबवतेय, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बुटकं म्हणून दाखवायला आणलेल्या बहुतेक मुलांना ग्रोथ हॉर्मोनची कमतरता नसते. कुणाचं घराणंच बुटकं असतं, कुणी उशिरा वयात येणारं असतं, कुणाचं खाणंच कमी पडत असतं. रोजचं औषध टर्नर सिंड्रोम किंवा जन्मतःच लहान राहिलेल्या मुलांसारख्या इतर काही कारणांसाठीही वापरतात. पण मुक्तापुढे इंग्लंडमध्ये जो साप्ताहिक पर्याय येणार होता, त्याला तिथल्या नाइस या (सरकारी आरोग्यसेवेत कोणते उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या) संस्थेने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिलेली शिफारस हॉर्मोनच्या कमतरतेपुरती आहे, वय तीन वर्षं आणि पुढे. मुक्ता त्यात बसत होती. 'आमच्याही मुलाला आठवड्याचं द्या' म्हणणाऱ्या अनेकांची मुलं बसणार नाहीत.

दुसरं वर्ष का मंदावलं?

पहिल्या वर्षी मुक्ता साडेनऊ सेंटिमीटर वाढली. घरात पेढे वाटले गेले. दुसऱ्या वर्षी ६.२. आता उंची ११५.२, वजन २० किलो.

पहिल्या वर्षाची उसळी दुसऱ्या वर्षी ओसरतेच, हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं आणि ते खरंही आहे. त्यामुळे ६.२ या आकड्यावर कुणी थांबलं नसतं. पण आयजीएफ-१ वयाच्या मानाने खालच्या बाजूला होता, आणि डोस वजनाप्रमाणे वाढवलेला असूनही तो तसा होता. डॉक्टरांनी "इंजेक्शन चुकतं का?" असं विचारलं नाही. त्या प्रश्नाला प्रत्येक घर "नाही हो, कधीतरी एखादं" असंच उत्तर देतं. त्यांनी औषधाच्या दुकानाची वर्षभराची बिलं मागितली.

हिशेब सोपा होता. दुसऱ्या वर्षात सरासरी डोस रोज ०.६ मिलिग्रॅम, आपल्याकडच्या भाषेत १.८ युनिट (एक मिलिग्रॅम म्हणजे तीन युनिट). वर्षाला २१९ मिलिग्रॅम. इंजेक्शनच्या पेनमध्ये बसवायची दहा मिलिग्रॅमची एक कार्ट्रिज धरली तर २२ कार्ट्रिज लागायला हव्या होत्या. बिलं निघाली १७. पेन सुरू करताना थोडं औषध वाया जातं ते सोडून दिलं तरी आठवड्याला साधारण दीड इंजेक्शन बुडत होतं.

बाबा ओशाळले. खरं तर ओशाळण्यासारखं काही नव्हतं. न्यूझीलंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पालकांना न विचारता औषधाच्या कुप्यांचाच हिशेब लावला होता. दोन तृतीयांश मुलांची आठवड्याला एकापेक्षा जास्त इंजेक्शनं बुडत होती, आणि ती मुलं वाढतही कमी होती. तिथे औषध सरकार पुरवत होतं. आपल्याकडे पैसे खिशातून जातात आणि वर्षाचा खर्च लाखांत असतो, तरी बुडतातच.

कोणती बुडाली, हे आईने कॅलेंडर समोर ठेवून शोधलं. इंजेक्शन फक्त बाबाच द्यायचे. आईचा हात थरथरायचा. बाबांची रात्रपाळी असली की ती रात्र जायची. साताऱ्याकडच्या गावी गणपती, दिवाळी, मे महिना. तिथे वीज जाते, फ्रिजचा भरवसा नाही, म्हणून 'चार दिवसांनी काय होतंय' असं म्हणत पेन पुण्यातच ठेवायचं. ताप आला की आजी इंजेक्शन थांबवायला लावायच्या (साध्या तापात थांबवायची गरज नसते). गाडीत झोपलेल्या लेकराला उठवून सुई टोचायची कुणाची छाती होत नसे. आणि दोनदा महिनाअखेर पैशांची ओढाताण होती म्हणून कार्ट्रिज आठवडाभर उशिरा आली होती. हे शेवटचं आईने सगळ्यात शेवटी सांगितलं, बाबा फोनवर बोलायला बाहेर गेल्यावर.

रोज की आठवड्याला, हा प्रश्न या कॅलेंडरशिवाय सुटत नाही असं माझं मत आहे. लोक विचारतात कोणतं औषध जास्त उंची देतं. विचारायला हवं की आपल्या घरात कोणतं औषध खरोखर मुलाच्या अंगात जातं.

तीन औषधं, तीन युक्त्या

ग्रोथ हॉर्मोन १९१ अमिनो आम्लांची साखळी आहे. त्वचेखाली दिलेलं साधं हॉर्मोन काही तासांत निघून जातं, म्हणून रोज द्यावं लागतं. १९८५ पर्यंत ते मृतांच्या पिट्युटरी ग्रंथींमधून काढत. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा क्रॉइट्झफेल्ट-याकोब आजार झाल्याचं उघड झालं, तो पुरवठा थांबला आणि त्याच वर्षी जनुकतंत्राने बनवलेलं हॉर्मोन अमेरिकेत मंजूर झालं. आज आपण देतो ते रोजचं औषध त्याच वंशातलं. त्याच्या पाठीशी चार दशकांचा अनुभव आहे, पूर्ण उंची गाठून मोठी झालेली माणसं आहेत.

सुया कमी करायची धडपड नवी नाही. महिन्यातून एकदा-दोनदा द्यायचं एक औषध अमेरिकेत १९९९ साली मंजूर झालं होतं. टोचल्या जागी गाठी व्हायच्या, बनवायलाही किचकट. २००४ मध्ये ते बाजारातून गेलं. आताची साप्ताहिक औषधं त्यापेक्षा बरीच हुशार आहेत.

लोनापेगसोमॅट्रोपिनमध्ये हॉर्मोनला एक मोठा वाहक बांधलेला असतो; तो हळूहळू सुटतो आणि मूळ हॉर्मोन जसंच्या तसं मोकळं होतं. सोमापासिटानमध्ये हॉर्मोनला एक शेपूट जोडलंय, ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहतं आणि औषध टिकतं. सोमॅट्रोगॉनमध्ये गरोदरपणातल्या एचसीजी हॉर्मोनच्या शेवटच्या तुकड्याच्या तीन प्रती जोडल्या आहेत, त्यामुळे रेणू जड होतो आणि शरीराबाहेर जायला वेळ लागतो. अमेरिकेत मुलांसाठी ही अनुक्रमे २०२१, २०२३ आणि २०२३ मध्ये मंजूर झाली. मुक्ताला तिकडे जे मिळण्याची शक्यता होती ते तिसरं.

तिन्हींच्या निर्णायक चाचण्या रोजच्या औषधासमोर झाल्या, आधी उपचार न घेतलेल्या मुलांवर, वर्षभर. लोनापेगसोमॅट्रोपिन: १६१ मुलं, वर्षाला ११.२ विरुद्ध रोजचं १०.३ सेंटिमीटर. सोमापासिटान: २०० मुलं, ११.२ विरुद्ध ११.७. सोमॅट्रोगॉन: २२४ मुलं, १०.१० विरुद्ध ९.७८. या चाचण्या मुळात 'कमी पडत नाही ना' हे तपासायला आखल्या होत्या, आणि कुणी कमी पडलं नाही. सेंटिमीटरभरही नसलेल्या फरकावरून एक औषध दुसऱ्याच्या डोक्यावर बसवण्यात अर्थ नाही. त्यातून चाचणीतल्या घरांवर सतत लक्ष असतं, डोस बुडण्याचं प्रमाण तिथे कमीच राहतं. मुक्ताच्या घरासारखं घर चाचणीत भेटत नाही.

बाबांनी मात्र एक्सेलमध्ये वेगळंच काही मांडून आणलं होतं, आणि ते पाहून डॉक्टर दचकल्या. "आत्ताच्या वाढवलेल्या डोसने आठवड्याला ४.८ मिलिग्रॅम जातंय. आठवड्याच्या औषधाचा डोस किलोला ०.६६ म्हणजे १३.२ मिलिग्रॅम. जवळजवळ तिप्पट! हे सुरक्षित कसं?"

चूक त्यांची नव्हती, पाकिटावरच्या आकड्यांमुळे कुणालाही असंच वाटेल. लोनापेगसोमॅट्रोपिन किलोला आठवड्याला ०.२४ मिलिग्रॅम, सोमापासिटान ०.१६, सोमॅट्रोगॉन ०.६६. हे तीन वेगळे रेणू आहेत, वजनाने आणि वागण्यानेही. सोमॅट्रोगॉनच्या मिलिग्रॅममध्ये जोडलेल्या तुकड्यांचंही वजन आलं. एका औषधाचे मिलिग्रॅम दुसऱ्यात बदलायचं कोणतंही कोष्टक नाही. म्हणून रोजच्या डोसला सातने गुणून आठवड्याचा डोस काढणं, किंवा युनिटचं मिलिग्रॅम करून त्यावर बेतणं, हे दोन्ही धोक्याचं. रोजच्या साध्या औषधाचा आठवड्याचा साठा एकदम देणं तर अजिबातच नाही. हे लिहावं लागतंय, कारण 'सगळं एकदम टोचलं तर?' असं विचारणारे पालक भेटतात.

निर्णय

आईला बदल लगेच हवा होता. तिचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. नवा देश, तिथे मदतीला कुणी नाही, बाबा कामावर, आणि रोजच्या सुईची जबाबदारी आता तिच्यावर येणार. ३६५ वेळा हात थरथरण्यापेक्षा ५२ वेळा बरं. तिच्या बाजूने पुरावाही होता. रोजचं औषध आधीच घेत असलेल्या ८७ मुलांना बारा आठवडे रोजचं आणि बारा आठवडे सोमॅट्रोगॉन देऊन पाहिलं होतं. उपचारामुळे जगण्यात किती अडथळा येतो याचा गुणांक रोजच्या औषधावर २४.१, आठवड्याच्या औषधावर ८.६ आला. एवढा फरक कागदावर क्वचित दिसतो.

बाबांना आता धास्ती वाटू लागली होती. दीर्घकाळचा अनुभव कमी आहे, हा त्यांचा मुद्दा रास्त. आणखी दोन गोष्टी डॉक्टरांनी स्वतःहून सांगितल्या. सोमॅट्रोगॉनच्या चाचणीत टोचल्या जागी दुखल्याची तक्रार ३९.४ टक्के मुलांनी केली, रोजच्या औषधावर २५.२ टक्के. आणि साप्ताहिक औषध घेणाऱ्या ७७ टक्के मुलांच्या रक्तात औषधाविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या. वाढीवर त्यांचा परिणाम दिसला नाही, पण हे सांगून ठेवलेलं बरं.

यापेक्षा मोठी गोष्ट मात्र बुडण्याच्या हिशेबात आहे. रोजचं एक इंजेक्शन चुकलं तर आठवड्याचा सातवा हिस्सा गेला. आठवड्याचं चुकलं तर आठवडा गेला. ज्या घरात रात्रपाळी, प्रवास, झोपलेलं मूल या कारणांनी डोस बुडतात, त्या घराला साप्ताहिक औषध मदत करतं. ज्या घरात पैशांमुळे किंवा आजी-आजोबांच्या विरोधामुळे बुडतात, तिथे फक्त सुया कमी होतात, कारण तसंच राहतं. मुक्ताच्या कॅलेंडरवर पहिल्या प्रकारच्या खुणा जास्त होत्या. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना औषध फुकट, म्हणजे महिनाअखेरचं कारणही तीन वर्षांपुरतं गेलं.

तरीही डॉक्टरांनी लगेच बदलू नका असं सांगितलं, आणि मला ते पटतं. देश, वाढीचा तक्ता, उंची मोजणारं यंत्र, मोजणारा माणूस, प्रयोगशाळा आणि औषध, सगळं एकाच महिन्यात बदललं तर सहा महिन्यांनी उंचीत जे काही दिसेल त्याचं श्रेय किंवा दोष कशाला द्यायचा? आधी तिकडच्या टीमने मुक्ताला स्वतःच्या यंत्रावर मोजावं. तीन-चार महिने रोजचंच औषध, पण एकही न चुकवता, आईच्या हाताने. मग बदल.

सोबत फाइल नीट बांधून दिली. दोन्ही चाचण्यांचे मूळ आकडे (फक्त 'कमतरता आहे' असं नव्हे), एमआरआयची सीडी, हाडांच्या वयाचा एक्स-रे, उपचाराआधीची आणि नंतरची गती, डोस युनिटमध्ये आणि मिलिग्रॅममध्येही. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण आपल्याकडे बरेचदा '१.८' एवढंच लिहिलेलं असतं, आणि तिकडे तो आकडा कुणी मिलिग्रॅम म्हणून वाचला तर डोस तिप्पट होतो. उपचाराआधीची गती देण्याचंही कारण आहे: नाइसच्या २०१० च्या मार्गदर्शनात पहिल्या वर्षी मूळ गतीत निदान निम्म्याने वाढ झाली नाही तर औषध थांबवायला सांगितलंय. मुक्ता साडेतीनवरून साडेनऊवर गेली होती, पण ते सिद्ध करायला आईची ती वही लागली.

रेडिंगमधले पहिले दहा महिने

तिथल्या रुग्णालयाने फाइल स्वीकारली, चाचण्या पुन्हा केल्या नाहीत. नर्सने घरी येऊन आईला इंजेक्शन शिकवलं. औषध घरपोच. चार महिने रोजचं चाललं आणि आईने एकही रात्र चुकवली नाही. हात थरथरायचा थांबला तो याच काळात. आयजीएफ-१ या चार महिन्यांतच सुधारला, औषध न बदलता. डोस बुडत होते हे यावरून अखेर पक्कं झालं.

मग बदल. शेवटचं रोजचं इंजेक्शन शनिवारी रात्री, पहिलं साप्ताहिक रविवारी. मध्ये खंड लागत नाही. डोस १३.२ येत होता. २४ मिलिग्रॅमच्या पेनमधून एका वेळी १२ च्या वर देता येत नाही, म्हणून ६० मिलिग्रॅमचं पेन, अर्ध्या-अर्ध्या मिलिग्रॅमच्या पायऱ्या, ठरले १३. एक पेन चार रविवार पुरतं. उघडल्यापासून २८ दिवसांत संपवायचं असतं, तेही त्यात बसतं.

पहिल्या तीन इंजेक्शनांना मुक्ता रडली. रोजच्याला ती रडत नसे. औषध फ्रिजमधून थोडं आधी काढून ठेवलं, टोचायची जागा दर वेळी बदलली, जास्त दुखलेल्या मांडीऐवजी पोटावर दिलं, तेव्हा ते कमी झालं. नाहीसं झालं नाही.

दहाव्या आठवड्यात खरा गोंधळ झाला. रक्ततपासणी मंगळवारी झाली, कारण मंगळवारी शाळा लवकर सुटते. आयजीएफ-१ सरासरीच्या वर २.६ एसडी (वयाच्या सरासरीपासून आकडा किती दूर आहे ते मोजायचं एकक). दोनच्या वर गेला की डोस कमी करायचा विचार करतात, आणि तसं पत्रही निघालं. रोजच्या औषधावर रक्त कधी घेतलं याने फारसं बिघडत नाही. आठवड्याच्या औषधावर आयजीएफ-१ इंजेक्शननंतर काही दिवस चढतो आणि आठवडा संपता संपता उतरतो. दुसऱ्या दिवशी घेतलेला आकडा वरचा दिसणारच. सोमॅट्रोगॉनसाठी रक्त चौथ्या दिवशी घ्यायचं असतं. आईने पत्र वाचून नर्सला फोन केला आणि विचारलं, "आम्ही रविवारी देतो, तर गुरुवार हवा होता ना?" गुरुवारी पुन्हा रक्त दिलं. १.४. डोस आहे तोच राहिला. तो कमी झाला असता तर मुलगी पुढचे सहा महिने विनाकारण कमी औषधावर राहिली असती, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं की आठवड्याचं औषध चालत नाही. साप्ताहिक औषध घेणाऱ्या प्रत्येक घराने रक्ताच्या चिठ्ठीवर शेवटच्या इंजेक्शनचा वार लिहावा, प्रयोगशाळेने विचारलं नाही तरी.

एक रविवार बुडालाही. कुणाच्या तरी बारशाला लंडनला गेले होते, रात्री उशिरा परतले. आठवलं मंगळवारी संध्याकाळी. तीन दिवसांच्या आत लक्षात आलं तर लगेच द्यायचं आणि पुढचं ठरल्या वारीच. तीन दिवस उलटून गेले तर तो डोस सोडायचा आणि पुढच्या वारी एकच द्यायचा, दोन कधीच नाही. दोन इंजेक्शनांमध्ये निदान तीन दिवस हवेत. मंगळवारी दिलं, पुढचं रविवारी. तेव्हापासून आईने वार बदलून बुधवार केला, कारण बुधवारी कुणी बारसं करत नाही. वार बदलल्यावर रक्ताचा दिवसही बदलला, रविवार! प्रयोगशाळा बंद. मग वार सोमवार झाला आणि रक्त शुक्रवारी.

औषध बदलल्याला सहा महिने झाले तेव्हा वाढ ३.६ सेंटिमीटर. याला दोनने गुणून ७.२ म्हणायचा मोह बाबांना झाला. सहा महिन्यांच्या मापात ऋतू, मोजणाऱ्याचा हात, सकाळ-संध्याकाळचा फरक सगळंच मिसळलेलं असतं. वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबायचं ठरलं. आधीच्या ६.२ पेक्षा गती चांगली दिसतेय एवढं म्हणता येतं. त्यातलं किती न चुकवलेल्या डोसचं आणि किती नव्या औषधाचं, हे मुक्ताच्या बाबतीत वेगळं काढता येणार नाही. माझा अंदाज विचाराल तर जवळजवळ सगळं पहिल्याचं.

बाकी देखरेख तीच, रोज असो की आठवड्याला. डोकं दुखून उलटी किंवा धूसर दिसणं, लंगडणं, गुडघा किंवा जांघ दुखणं, पाठीला वाक. यातलं काही दिसलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता फोन. मुक्ताच्या एमआरआयमुळे थायरॉइड आणि कॉर्टिसॉल या पिट्युटरीच्याच हुकमातल्या हॉर्मोन्सवर जास्त लक्ष. उपचार सुरू असताना यांची कमतरता उघडी पडू शकते, आणि एकदा नॉर्मल आलं म्हणून कायमची सुटका नसते.

मे महिन्यात साताऱ्याला

सुट्टीत तीन आठवडे गावी यायचं होतं. म्हणजे तीन डोस. हे पेन फ्रिजबाहेर एका वेळी चार तासांपर्यंत, तेही ३२ अंशांच्या आत, आणि अशी पाच वेळाच चालतं. लंडन ते पुणे, पुढे गाडीने गाव, हे चार तासांत होत नाही. बर्फाच्या पिशव्यांची पेटी हातातल्या सामानात घेतली. विमानाच्या पोटात सामान गोठू शकतं आणि गोठलेलं औषध फेकावं लागतं. रुग्णालयाचं पत्र सोबत. निघायच्या दिवशी सोमवार यावा असं तिकीट काढलं, म्हणजे तो डोस घरी देऊन निघता आलं. गावात पेन ठेवलं किराणा दुकानाच्या फ्रिजमध्ये, कारण तिथे इन्व्हर्टर आहे. आजींनी या वेळी इंजेक्शनला विरोध केला नाही. आठवड्यातून एकदा म्हणजे त्यांच्या मते औषधच नव्हे, उपास.

तीन वर्षांनी परत यायचं आहे. तेव्हा मुक्ता अकराची असेल, वयात येत असेल, वजन वाढलेलं असेल. वाढीच्या शेवटच्या महत्त्वाच्या वर्षांत डोस सर्वात मोठा आणि खर्चही सर्वात मोठा. त्या वेळी साप्ताहिक औषध पुण्यात कितीला आणि किती नियमित मिळतंय ते पाहून ठरवायचं. परवडलं नाही किंवा पुरवठ्याचा भरवसा वाटला नाही तर परत रोजचं: शेवटच्या साप्ताहिक डोसचा आठवडा पूर्ण झाला की, त्या वेळच्या वजनावरून नव्याने काढलेल्या डोसने. त्यासाठी बाबांनी आत्तापासून दरमहा वेगळे पैसे टाकायला सुरुवात केली आहे, आणि आईने रोजच्या औषधाचं जुनं पेन फेकलेलं नाही.